धार लावूनही सुरी दुसऱ्या कोंबडीला अडते, त्यावर उपाय

आखाड लागला की नाशिकच्या आसपास घरी कोंबड्या पाळणाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते. मखमलाबाद, म्हसरूळ, गिरणारे, दिंडोरी, कुठेही जा. सुरी कालच धार लावून आणलेली असते. पहिली कोंबडी पटकन होते. दुसरीला पातं कातड्यावरून घसरतं. तिसरीला पुढे-मागे घासावं लागतं, कोंबडी हातात तडफडते, रक्त पुरतं जात नाही आणि साफ केल्यावर पंखांची टोकं नि मान लाल दिसते. मग सुरीला शिव्या बसतात, नवी महागडी सुरी येते आणि गटारीला पुन्हा तोच प्रकार.

माझ्या मते यात सुरीचं पोलाद क्वचितच दोषी असतं. दोष बहुतेक वेळा पिसांत, धार लावताना कडेला राहिलेल्या धातूच्या बारीक तारेत, म्हणजे बरीत, नाहीतर एकाच सुरीने सगळी कामं करण्यात सापडतो. याच क्रमाने तपासा. नवी सुरी घ्यायची वेळ बहुधा येणार नाही. आणि हे तपासणं पुढच्या खेपेवर ढकलू नका. बोथट पात्याचा त्रास सगळ्यात आधी त्या मुक्या जिवाला होतो. आपणच दाणे टाकून वाढवलेल्या कोंबडीची मान एका ओढीत कापता येत नसेल, तर ती जाणत्या माणसाकडून कापून घ्यावी, हे मला अगदी मनापासून वाटतं.

आधी पिसं बघा

गावरान कोंबडी दिवसभर मातीत, राखेत लोळते. अंगावरचे किडे-पिसवा जाण्यासाठी ती हे करते, पण त्यामुळे मानेच्या पिसांच्या मुळाशी बारीक वाळूचे कण बसलेले असतात. पिसांवरून सुरी ओढली की दोन गोष्टी होतात. पिसं एकावर एक बसलेली आणि चिवट असल्याने पातं कातड्यापर्यंत पोचतच नाही, वरच्यावर सरकतं. आणि पोचेपर्यंत त्या वाळूवर धार घासली जाते. पहिली कोंबडी निघते ती नव्या धारेच्या जोरावर. दुसरीच्या वेळी धारेचा मधला भाग, म्हणजे नेमका कामाचा भाग, गेलेला असतो.

ओळखायचं कसं? पहिली कोंबडी झाल्यावर पातं पुसा आणि वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून तीन ठिकाणी कापून बघा: मुठीजवळ, मध्ये आणि टोकाला. मुठीजवळ नि टोकाला कागद सुळकन कापला जातोय आणि मध्येच फाटतोय, तर पिसांनी धार खाल्ली असं समजा. तिन्ही ठिकाणी सारखाच अडत असेल तर कारण दुसरं आहे, ते खाली येतं.

उपाय अगदी साधा आहे. जबड्याच्या खालची पिसं ओल्या हाताने डोक्याच्या दिशेने, म्हणजे उलटी फिरवा आणि अंगठ्याने फाक पाडा. कातड्याची बोटभर पट्टी स्वच्छ दिसली पाहिजे. दाट पिसांचा कोंबडा असेल तर तेवढ्या जागेतली चार पिसं कात्रीने छाटा. जिवंतपणी उपटू नका, त्याने कोंबडा बिथरतो आणि त्याला दुखतंही. सुरी पिसांना लागताच कामा नये. एवढं केलं तरी निम्म्या लोकांची तक्रार मिटावी.

आणखी एक. ब्रॉयलरवर चाललेली सुरी गावरानवर चालेलच असं नाही. ब्रॉयलर जेमतेम दीड महिन्याचा असतो, कातडं मऊ, पिसं विरळ. वर्षभराच्या गावरान कोंबड्याचं कातडं जाड आणि सैल असतं, पात्यापुढे सरकतं. त्यामुळे कातडं हाताने ताणून धरणं हे धारेइतकंच महत्त्वाचं.

मग बर बघा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना बर म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी: धातू घासला की कडेला घासलेल्या धातूची केसाएवढी बारीक तार उभी राहते, ती बर. मशीनच्या चाकावर धार लावणारा माणूस दोन्ही बाजू चार-पाच वेळा फिरवतो, ठिणग्या उडतात, सुरी चकचकीत दिसते, अंगठ्याला खरखरीत लागते आणि आपण खूश होऊन घरी येतो. ती खरखर धारेची नसते, बरीची असते. पहिल्या कापाला ही तार कापतेही चांगली. मग ती एका बाजूला लोळते आणि खालच्या खऱ्या धारेवर पडून राहते. दुसऱ्या कोंबडीला कातड्यावरून घसरते ती ही लोळलेली तार.

तपासणी अशी. पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेरच्या दिशेला, बोटाची पेर हलकेच सरकवा (धारेच्या लांबीवरून नव्हे, बोट कापेल). एका बाजूला काही लागत नाही आणि दुसऱ्या बाजूला बारीक ओठ अडकतो, तर बर आहे. दुसरी खूण उजेडात दिसते. खिडकीकडे तोंड करून सुरीची धार वर धरा आणि हळूहळू कलती करा. खरी धार दिसतच नाही. जिथे पांढरी चमकती रेघ किंवा ठिपका दिसतो, तिथे धार बोथट आहे किंवा वाकलेली आहे. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की परत कुणाला विचारावं लागत नाही.

बर काढायला दगड लागतो. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू जाडी, एक बारीक. त्याने काम भागतं. पुढे जायचं असेल तर १००० नंबरचा पाण्याचा दगड (पाणी टाकून वापरायचा, नंबर मोठा तितका बारीक) घ्या, आणखी हौस असेल तर ३००० चा. त्यापुढे जायची या कामाला गरज नाही. द्राक्षबागेच्या छाटणीच्या कात्र्यांना धार लावायला ठेवलेला घरचा जुना दगड मात्र तसाच वापरू नका. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटण्यांत तो मध्ये खचलेला असतो आणि खचलेल्या दगडावर सुरी सरळ घासली जात नाही. सपाट फरशीवर जाडा पॉलिश पेपर अंथरून, पाणी टाकून, दगड त्यावर घासून आधी सपाट करून घ्या.

सुरी दगडावर किती कलती धरायची यावर लोक फार गोंधळतात. पातं एक इंच रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सात-आठ मिलिमीटर वर राहू द्या. एवढ्याने कोन साधारण सतरा-अठरा अंशांचा होतो आणि मानेच्या सुरीला तो बरोबर बसतो. कोन हलतोय की काय ते बघायला धारेवर स्केचपेनने रेघ ओढा आणि दोनदा घासून बघा. शाई धारेच्या अगदी टोकापासून गेली पाहिजे. वरचीच गेली तर पाठ जरा उचला. टोकाचीच गेली आणि वरची तशीच राहिली, तर कोन जास्त झाला.

एका बाजूने घासत राहायचं, ते दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागेपर्यंत. मग बाजू बदलून तेच. त्यानंतर बारीक बाजूवर अगदी हलक्या हाताने, सुरीच्या वजनाइतकाच दाब देऊन, एकदा ही बाजू एकदा ती, असं आळीपाळीने. हा हलका हातच बर काढतो. जोर दिला की बर जात नाही, नुसती बाजू बदलते. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून, पाठ पुढे करून, दहा-बारा वेळा ओढा. पट्टा नसेल तर जीन्सचं कापड पाटावर ताणून बसवलं तरी चालतं.

आता मशीनच्या चाकाबद्दल. सुक्या चाकावर धारेचं टोक क्षणात तापतं. तिथे निळसर-जांभळी झाक आली तर पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापून गेलं आणि त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. असा डाग धारेवर असेल तर तेवढा भाग कितीही पाजवा, दर वेळी दुसऱ्या कोंबडीला बोथट होणार. तो दगडावर पूर्ण घासून काढावा लागतो, किंवा लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावं लागतं. धारवाल्याकडे द्यायचीच असेल तर शेजारी उभे राहा आणि दर फेरीला पाण्यात बुडवायला सांगा. धारवाला हुशार असेल तर सांगायच्या आधीच बुडवतो.

एक सुरी, एक काम

आपल्याकडे एकाच सुरीने मान कापतात, तिनेच पाय तोडतात, पोट फाडतात, तुकडे करतात आणि संध्याकाळी कांदाही चिरतात. पायाच्या सांध्यावरचे खवले आणि हाड लागलं की मानेची नाजूक धार गेली. ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा अंगणातल्या फरशीवर पातं एकदा टेकलं तरी गेली. तेव्हा मानेची सुरी वेगळी काढा, तिच्या मुठीला लाल चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगा की हिला दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

ही सुरी कशी असावी? पातं पाच-सहा इंच. मानेच्या जाडीपेक्षा बरंच लांब असेल तरच एका सलग ओढीत काप पुरा होतो. तीन इंची फळं कापायच्या चाकूने घासावंच लागतं. पाठ दोन मिलिमीटरच्या आसपास जाड, म्हणजे पातं लवत नाही. धार सरळ किंवा किंचित पोटाची. दाते असलेली अजिबात नको, ती कातडं फाडते. घडीच्या चाकूच्या खिट्टीत रक्त जाऊन सडतं. दाढीच्या ब्लेडने नि कागद कापायच्या कटरने मान कापणारे मी पाहिले आहेत. ते पातं आखूड असतं, तुटतं, आणि तुकडा मांसात जाऊ शकतो. सिरॅमिकची सुरी हाडाला लागली की टवका उडतो.

कांद्याची पात कापायचा विळा निफाड-येवल्याकडे घरोघर असतो आणि घाईत तोच उचलला जातो. आत वळलेली धार मानेवर अडकते, सपाट दगडावर ती नीट पाजवताही येत नाही, आणि शेतातल्या मातीने ती आधीच खाल्लेली असते. तो कांद्यालाच ठेवा.

पोलादाचं म्हणाल तर बाजारातल्या नेहमीच्या स्टेनलेस सुऱ्या मऊ असतात. त्यांची धार तुटत नाही, वाकते. म्हणून त्या लवकर बसतात, पण खाटकाकडे असते तशी सळई चार वेळा फिरवली की उभ्याही राहतात. ज्याला दगडावर बसायचा कंटाळा आहे त्याने ही सुरी आणि सळई घ्यावी, काही बिघडत नाही. मला स्वतःला मात्र लोहाराने ट्रकच्या पाट्यातून घडवलेली साधी काळी सुरी आवडते. ती गंजते, तिची निगा राखावी लागते, पण धार घेते आणि धरते. पेठ-हरसूलकडच्या आठवडे बाजारात कोयते-विळे घेऊन बसलेल्या लोहाराला सांगून ती करून मिळते. सांगताना कशासाठी हवी ते सांगा. "मामा, कोंबडीच्या मानेला पाहिजे, पातळ करा, आणि पाणी फक्त धारेला द्या." जाणता लोहार लगेच म्हणतो, "पाठ मऊच ठेवतो ना भाऊ, नायतर खाली पडली की तुटंल." असं उत्तर आलं की निर्धास्त पैसे द्या. घरी आल्यावर नवी बारीक कानस धारेजवळ हलकेच फिरवून बघा. कानस नुसती सरकली तर पाणी बसलंय. चावली, चुरा निघाला, तर पोलाद मऊ आहे आणि सुरी परत न्यायची.

मूठ ओल्या, तुपकट हातात फिरता कामा नये. मुठीपुढे बोट अडेल असा उंचवटा असावा. लाकडी मूठ छानच, पण रिबिटांच्या आणि पात्याच्या मध्ये फट असेल तर तिथे रक्त साचतं, वास येतो. ती एपॉक्सीने बुजवून घ्या.

पोट उघडायला छोटी टोकदार सुरी, तुकडे करायला सत्तूर किंवा घरची विळी. सत्तूर चिंचेच्या ओंडक्यावरच चालवा.

धार चांगली आहे, तरी रक्त जात नाही

हा प्रश्न सुरीचा वाटतो, पण असतो जागेचा. बरेच जण मानेच्या मध्यावर किंवा खाली, छातीजवळ कापतात. कोंबडीच्या मानेत मोठ्या धमन्या मधल्या भागात मणक्यांना लागून स्नायूंच्या आत खोल गेलेल्या असतात. डोक्याजवळ आल्यावरच त्या दोन बाजूंना वर येतात. मानेच्या मध्यावर कापलं तर कातड्याखालच्या शिरा आणि श्वासनलिका तेवढी तुटते, धमन्या वाचतात. मग रक्त संथ वाहतं, गोठतं, आणि कोंबडी बराच वेळ शुद्धीवर राहते. तिच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही.

म्हणून काप नेहमी वर, जबड्याच्या लगेच खाली. डाव्या हाताने डोकं धरा, अंगठा खालच्या जबड्यावर, मान हलकी मागे ताणलेली. श्वासनलिका बोटाला कडक नळीसारखी लागते, तिच्या आडवं पातं ठेवा. मुठीजवळच्या भागापासून सुरुवात करा आणि टोकापर्यंत एकाच लांब ओढीत या. दाबू नका, ओढा. धार असेल तर सुरीच्या वजनाला हाताची थोडी साथ पुरते. श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या तुटल्या पाहिजेत. मागचं हाड लागलं की थांबा. हाडावर दाबून बघायची सवयच पुढच्या कोंबडीची धार घालवते. रक्त लगेच आणि जोरात आलं तर काप बरोबर बसला. ओघळच येत असेल तर घासत बसू नका, क्षणभरही वाट न बघता त्याच फटीत पातं ठेवून आणखी एक ठाम ओढ द्या.

हलाल पद्धतीत हाच ओढीचा काप असतो आणि गावाकडे अजूनही पुष्कळ घरी मुलाण्याला बोलावतात. त्यांचा हात नीट बघण्यासारखा असतो. झटक्याने एका घावात मान तोडणाऱ्यांचं हत्यार वेगळं: तिथे जड सत्तूर किंवा कोयता आणि खाली घट्ट ओंडका पाहिजे. गोंधळ होतो तो हत्यारांची अदलाबदल केल्यावर. हलकी सुरी आपटली तर अर्धी मान राहते, जड सत्तूर ओढला तर कातडं चेंगरतं. आपली पद्धत आधी ठरवा, मग हत्यार घ्या.

कोंबडी धरायचं बघा. पंख मोकळे असले की ती उसळते, काप वाकडा जातो आणि पंखांची टोकं रक्ताळून लाल होतात. पातळ पत्र्याचं मोठं नरसाळं करून भिंतीला उलटं अडकवा. वरचं तोंड साधारण नऊ-दहा इंच, खालचं डोकं-मान बाहेर येण्याइतकं. पत्र्याच्या कडा वाकवून बोथट करा. पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनचा तळ नि तोंड कापूनही होतं. कोंबडी उलटी आत सरकवली की पंख आपोआप मिटतात, ती शांत होते आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. सुरीवर खर्च करायच्या आधी मी कुणालाही हे नरसाळं करायला सांगेन.

कोंबडी पहाटे अंधारात, डालग्यातून दोन्ही हातांनी पंखांसकट उचला. पाठलाग करून पकडलेली कोंबडी घाबरलेली असते, तिच्या अंगावर मुकामार लागतो आणि तोच नंतर लाल डाग म्हणून दिसतो. आठ ते बारा तास आधी दाणे बंद, पाणी मात्र चालू. गळ्यातली पिशवी भरलेली असली तर साफ करताना सगळी घाण मांसावर येते. आणि बाकीच्या कोंबड्यांसमोर, लहान मुलांसमोर हे करू नका.

काप झाल्यावर निदान दोन मिनिटं थांबा. नंतरची फडफड ही स्नायूंची असते, पण घाईने अंदाज करू नका: श्वास थांबला, डोळ्याला बोट लावलं तरी पापणी हलत नाही, तेव्हाच गरम पाण्याकडे न्या. अजून जीव असलेली कोंबडी पाण्यात बुडवणं हा क्रूरपणा आहे आणि तो होता कामा नये.

सुरीवर येणारे इतर आळ

सोलताना कातडं फाटतं, तेव्हाही सुरीला दोष दिला जातो. तिथे पाणी जास्त कडक झालेलं असतं. ६० ते ६५ अंश पुरतात. थर्मामीटर नसेल तर निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी एकत्र करा, थंडीत उकळतं जरा जास्त. मिनिटभर बुडवून हलवा, पंखाचं मोठं पीस सहज सुटलं की बाहेर काढा. त्यानंतर हळद लावून जाळावर भाजायची आपली रीत आहेच. भाजलेलं कातडं खरवडताना पात्याची पाठ वापरा, धार नको.

मांस कडू लागलं तर पित्त फुटलंय. कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी ती हीच. पोट उघडताना टोकदार सुरीची धार वरच्या दिशेला, म्हणजे आतड्यांच्या उलट ठेवा, कातडं चिमटीत उचलून तेवढंच कापा आणि आत हाताने काम करा. पित्त काढताना कलेजीचा थोडा तुकडा त्याबरोबर गेला तर जाऊ द्या.

तुकडे करताना सत्तूर उसळतो, मांस रबरासारखं लागतं, हे धारेमुळे नसतं. कोंबडी नुकतीच कापलेली असते, स्नायू आखडत असतात. अख्खी साफ करून चार-सहा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग तुकडे करा. पाहुणे दारात असताना हे जमत नाही हे मला कळतं, म्हणून तर आदल्या रात्री कापलेली बरी.

धुणं आणि ठेवणं

रक्त लागलेली सुरी आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने रक्त शिजून पात्याला चिकटतं. मग साबण, मग उकळतं पाणी, मग लगेच कोरडी. दोन कोंबड्यांच्या मध्ये ओल्या फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसा आणि पट्ट्यावर पाच-सहा वेळा ओढा. ही सवय लागली की तिसरी-चौथी कोंबडीही पहिलीसारखीच होते. लोहारी सुरी लिंबू, चिंच, मीठ यांपासून लांब ठेवा. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात ती एका रात्रीत गंजते, आणि आखाड नेमका त्याच दिवसांत येतो. पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. थंडीत तेल गोठून पांढरं दिसेल, हरकत नाही. शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकट होतं. जाड पुठ्ठ्याची घडी करून म्यान करा. चामड्याच्या म्यानात ओल राहते. ड्रॉवरमध्ये चमच्यांबरोबर सुटी ठेवली तर धार तिथेच गेली म्हणून समजा, आणि कुणाचं तरी बोटही जाईल.

डोकं धरणाऱ्या हातात काप न लागणारा जाळीचा हातमोजा घाला. हातातून सुटलेली सुरी पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या. कापलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन दाबून धरा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

सुरी हातात घ्यायचीच नाही, अशीही एक वेळ असते. कोंबड्या अचानक मरायला लागल्या, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, मान वाकडी झाली, तर आजारी कोंबडी "मरायच्या आत कापून घेऊ" हा विचार सोडा. आपल्याच नाशिक विभागातल्या नवापूरला २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. अशा कोंबडीच्या रक्ताशी आणि पिसांशी हात लागणं हाच धोका असतो. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कापून विकायचा विचार असेल तर अन्न परवान्याची नोंदणी लागते, ते घरच्या खाण्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे.

हे सगळं करूनही अडत असेल

पिसं बाजूला केली, बर काढली, सुरी वेगळी ठेवली, काप वर घेतला, आणि तरीही मध्येच अडते? मग धार सपाट स्टीलच्या पट्टीवर उभी ठेवून उजेडासमोर धरा. मध्ये धारेखालून उजेड दिसला तर पात्याला तिथे खळगा पडलाय. चाकावर एकाच जागी जास्त वेळ दाबल्याने तो पडतो, आणि कितीही पाजवलं तरी तो भाग कातड्याला पुरता टेकत नाही. घरच्या दगडावर हे निघायला फार वेळ जातो. लोहाराकडे नेऊन पूर्ण धार कानशीने एका रेषेत आणून घ्यायची, धारेला पुन्हा पाणी द्यायचं, आणि घरी आल्यावर दगडावर पहिल्यापासून कोन बसवायचा. त्यात एखादा मिलिमीटर पातं कमी होईल, त्याने काही फरक पडत नाही. मात्र पाजवून पाजवून पातं अर्ध्या इंचाहून अरुंद झालं असेल, तर ते लवायला लागतं आणि ओढीत वाकडं जातं. त्या सुरीला पोट उघडायच्या कामाला लावा आणि मानेसाठी नवी करून घ्या.